सोळा रुग्ण आणि जन्मस्थानाचा रकाना : 'एटीएल'ची लक्षणं कशी वाचायची?

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की एखाद्या आजाराची 'क्लिनिकल फीचर्स' सांगणारा पेपर वाचायचा तरी कसा? त्यात ना प्रयोग, ना मोठा सिद्धांत. नुसती यादी असते. इतक्या जणांना गाठी, इतक्यांना पुरळ, इतक्यांचं कॅल्शियम वाढलेलं. वाचलं, अधोरेखित केलं, संध्याकाळपर्यंत विसरलं!

माझं म्हणणं असं आहे की ही यादी म्हणजेच पुरावा असतो, फक्त तो वाचता यायला हवा. त्यासाठी आज एकच आजार घेऊ. अ‍ॅडल्ट टी-सेल ल्युकेमिया-लिम्फोमा, थोडक्यात एटीएल. प्रौढांमध्ये होणारा, टी पेशींचा, रक्ताचा कर्करोग. एचटीएलव्ही-१ या विषाणूशिवाय तो होत नाही. या आजाराची गंमत अशी की आधी लक्षणांची यादी आली आणि विषाणू त्यानंतर सापडला. यादी नीट केली नसती तर विषाणू शोधायचा कुठे, हेच कळलं नसतं.

१९७७ : एक छोटा पेपर

जपानमधल्या क्योटो इथे ताकाशी उचियामा, कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात एक लेख छापला. रुग्ण किती? फक्त १६. आजच्या काळात १६ रुग्णांचा पेपर म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण त्यात काय नोंदवलं होतं ते बघा.

आजार प्रौढपणी सुरू होतो. सुरुवात कधी झपाट्याने होते, कधी हळूहळू, पण शेवटचा टप्पा फार वेगाने येतो. रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी टी पेशींचे गुणधर्म दाखवतात आणि त्यांच्या केंद्रकाचा आकार पार वेडावाकडा असतो. त्वचेवर परिणाम वारंवार दिसतो. लसिका ग्रंथी सुजतात, यकृत आणि प्लीहा वाढतात. मात्र छातीच्या मधल्या भागात, थायमस ग्रंथी असते तिथे, गाठ दिसत नाही.

शेवटचं वाक्य 'नाही'चं आहे, आणि नवखा वाचक नेमका तिथेच घाई करतो. तोपर्यंत टी पेशींचा म्हणून माहीत असलेला ल्युकेमिया बहुतेक मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये दिसणारा होता. तो अपरिपक्व पेशींचा. टी पेशी थायमसमध्ये तयार होतात, त्यामुळे त्या आजारात छातीत गाठ असणं नेहमीचं. इथे गाठ नाही, रुग्ण प्रौढ आहे, याचा अर्थ बिघाड थायमसमधून बाहेर पडून शरीरभर फिरणाऱ्या परिपक्व टी पेशीत झालेला असणार. एका 'नाही'मधून पेशीच्या वयाचा अंदाज आला.

आता दुसरी नोंद. या १६ जणांपैकी १३ जणांचा जन्म क्युशू बेटावरचा होता. क्युशू जपानच्या नैऋत्य टोकाला. क्योटो होन्शू या मुख्य बेटावर, बरंच लांब. माणसं आजारी पडली, उपचाराला आली ती दुसरीकडे, पण जन्म झाला होता एकाच भागात. संशोधकांनी 'राहण्याचं ठिकाण' एवढ्यावर थांबून चालवलं असतं तर हा धागा हाती लागला नसता. त्यांनी जन्मस्थानही पाहिलं.

जन्मस्थान महत्त्वाचं का ठरलं, याचं उत्तर त्या पेपरमध्ये नव्हतं. ते पुढच्या काही वर्षांत आलं.

विषाणू सापडला, पण दोन बाजूंनी

अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचं निदान झालेल्या एका रुग्णाच्या पेशींतून एक रेट्रोव्हायरस वेगळा केला. माणसात सापडलेला हा पहिला रोगकारक रेट्रोव्हायरस. एचआयव्ही अजून तीन वर्षं लांब होता.

जपानमध्ये योरिओ हिनुमा यांच्या गटाने १९८१ मध्ये वेगळी वाट धरली. एटीएलच्या पेशींपासून वाढवलेल्या एका पेशीवाणात एक प्रतिजन दिसत होतं. रुग्णांच्या रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, हे त्यांनी तपासलं. एटीएलच्या तपासलेल्या सर्व ४४ रुग्णांमध्ये ती होती. आजार जिथे जास्त आढळतो त्या भागातल्या निरोगी प्रौढांपैकी २६ टक्के लोकांमध्येही होती. पुढे मित्सुआकी योशिदा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये विषाणूचं स्वरूप दाखवलं, १९८३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकीय क्रम आला, आणि अमेरिकेतला व जपानमधला विषाणू एकच असल्याचं स्पष्ट झालं. तोच एचटीएलव्ही-१.

हिनुमांच्या आकड्यांपाशी जरा थांबा. रुग्णांमध्ये शंभर टक्के, निरोगी लोकांमध्ये चौथा हिस्सा. पहिला आकडा सांगतो की विषाणू आवश्यक असावा. दुसरा सांगतो की तो एकटा पुरेसा नाही. विषाणू घेऊन हिंडणारी कितीतरी माणसं ठणठणीत आहेत! 'आवश्यक' आणि 'पुरेसं' यांतला फरक मुलाखतीत हमखास विचारतात. पाठ केलेली व्याख्या सांगण्यापेक्षा हे उदाहरण सांगा.

पण प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो विषाणूच कारण, असंही सिद्ध होत नाही. कदाचित तो नुसताच प्रवासी असेल. हा प्रश्न पुढच्या पुराव्याने सुटला. रेट्रोव्हायरस आपली जनुकीय प्रत पेशीच्या डीएनएमध्ये शिरवतो, आणि ती कुठे शिरेल हे आधीपासून ठरलेलं नसतं. वेगवेगळ्या पेशींना वेगवेगळ्या वेळी लागण झाली असती तर प्रत्येक पेशीत प्रत वेगळ्या जागी सापडली असती. एटीएलच्या रुग्णात मात्र कर्करोगाच्या सगळ्या पेशींत ती एकाच जागी असते. म्हणजे लागण आधी झाली, एका पेशीत झाली, आणि त्या एका पेशीची ही सगळी पिलावळ. यालाच मोनोक्लोनल इंटिग्रेशन म्हणतात. निदानात आजही त्याचं वजन मोठं आहे, कारण विषाणू असलेल्या माणसाला दुसरा एखादा लिम्फोमाही होऊ शकतो. रक्तात प्रतिपिंडं आणि काखेत गाठ, एवढ्यावर एटीएल ठरवता येत नाही.

आणि जन्मस्थान? एचटीएलव्ही-१ मुख्यतः तीन वाटांनी पसरतो. आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून आणि पेशी असलेल्या रक्तातून. विषाणू पेशींच्या आत राहतो, म्हणून दुधातल्या आणि रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइटच त्याचं वाहन. एटीएल होणाऱ्या बहुतेकांना लागण बाळपणी, आईच्या दुधातून झालेली असते. क्युशूत जन्मलेलं मूल मोठं होऊन नोकरीला कुठेही गेलं तरी विषाणू सोबत गेला. आजार मात्र काही दशकांनी उगवला. १९८२ मध्ये लंडनहून असाच अनुभव आला. तिथल्या एटीएलच्या रुग्णांचा जन्म कॅरिबियन बेटांवरचा होता. शहर वेगळं, रकाना तोच.

रुग्ण कसा दिसतो?

आता थेट लक्षणांकडे. नुसती यादी न करता प्रत्येक लक्षणामागे 'का' जोडत जाऊ.

*रक्ताचा स्मिअर.* एटीएलची ओळख म्हणजे 'फ्लॉवर सेल'. लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण गोल असतं. इथे त्याला खोल घड्या पडून पाकळ्यांसारखे भाग होतात आणि पेशी फुलासारखी दिसते. पृष्ठभागावर सहसा सीडी३, सीडी४ आणि सीडी२५ असतात, सीडी७ बहुधा हरवलेलं असतं. सीसीआर४ हा रिसेप्टर बहुतेक रुग्णांत सापडतो. तो लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

*त्वचा.* साधारण निम्म्या रुग्णांमध्ये त्वचेवर काहीतरी असतं. लालसर चट्टे, जाडसर चकत्या, बारीक पुटकुळ्या, गाठी, कधी सगळं अंग लाल होणं. सीसीआर४ हा त्वचेकडे जाणाऱ्या टी पेशींचा जणू पत्ता आहे, त्यामुळे या पेशी त्वचेत जाऊन बसतात यात नवल नाही. अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र मायकोसिस फंगॉइड्स या त्वचेच्या दुसऱ्या टी-सेल लिम्फोमासारखंच दिसू शकतं. गॅलो यांच्याकडचा १९८० चा रुग्णही त्वचेच्या लिम्फोमाच्या निदानाने आला होता, हे आठवा. नुसत्या त्वचेच्या तुकड्यावरून फरक करता आला नाही तर विषाणूची तपासणीच निकाल देते.

*गाठी आणि अवयव.* मान, काख, जांघ इथल्या लसिका ग्रंथी सुजतात. यकृत आणि प्लीहा वाढू शकतात. फुप्फुसं, आतडं, हाडं, मेंदूभोवतीची आवरणं यांतही पेशी शिरू शकतात. शरीरभर हिंडणं हे परिपक्व टी पेशीचं मूळ कामच. कर्करोग झाला म्हणून तिची सवय सुटत नाही.

*कॅल्शियम.* एटीएलचं सगळ्यात धोक्याचं आणि सगळ्यात सहज निसटणारं लक्षण. निदानाच्या वेळीच जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं असतं, आणि आजार पुढे सरकतो तसं हे प्रमाण वाढतं. कर्करोगाच्या पेशी पॅराथायरॉइड हार्मोनसारखं काम करणारं एक प्रथिन सोडतात, त्याशिवाय हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवणारे इतर रेणूही. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. मग रुग्णाला खूप तहान लागते, लघवीला वारंवार जावं लागतं, पोट साफ होत नाही, गळून गेल्यासारखं वाटतं, गुंगी येते, बोलण्यात गोंधळ होतो. घरच्यांना वाटतं, वय झालं, उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं. मूत्रपिंडं आणि हृदय धोक्यात येईपर्यंत कॅल्शियम तपासलंच गेलं नाही, तर कर्करोगाचा उपचार सुरू होण्याआधीच माणूस हातचा जातो.

*संसर्ग.* टी पेशी हे आपल्या प्रतिकारशक्तीचे मुकादम. तेच बिघडले की एरवी गप्प बसणारे जंतू डोकं वर काढतात. न्यूमोसिस्टिसमुळे होणारा न्यूमोनिया, सायटोमेगॅलोव्हायरस, बुरशीचे संसर्ग, आणि स्ट्रॉन्गिलॉइड्स नावाचा आतड्यातला सूक्ष्म कृमी. या कृमीची जोडी खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. एरवी तो वर्षानुवर्षं आतड्यात मुकाट राहतो. एचटीएलव्ही-१ असलेल्या माणसात कृमीविरुद्धची प्रतिक्रिया दुबळी पडते, औषधाला दाद मिळत नाही आणि अळ्या शरीरभर पसरू शकतात. म्हणून उलटाही नियम आहे. विषाणू आढळणाऱ्या प्रदेशातल्या माणसाचा स्ट्रॉन्गिलॉइड्स पुन्हा पुन्हा उलटत असेल तर एचटीएलव्ही-१ तपासा.

चार प्रकार, आणि एक उरलेला

मासानोरी शिमोयामा यांनी १९९१ मध्ये जपानभरातल्या ८१८ रुग्णांच्या माहितीवरून एटीएलचे चार प्रकार मांडले. जगभर आजही तेच वापरतात. निकष बघू.

*स्मोल्डरिंग,* म्हणजे धुमसणारा. लिम्फोसाइटची एकूण संख्या नॉर्मल, दर मायक्रोलिटरला ४,००० पेक्षा कमी. त्यात विकृत पेशी ५ टक्के किंवा जास्त. त्या ५ टक्क्यांहून कमी असतील तर त्वचेत किंवा फुप्फुसात आजार ऊतितपासणीने सिद्ध झालेला हवा. कॅल्शियम नॉर्मल. एलडीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीड पटीपर्यंत. गाठी नाहीत, यकृत-प्लीहेत काही नाही.

*क्रॉनिक.* लिम्फोसाइट ४,००० किंवा जास्त, त्यात टी पेशी ३,५०० च्या वर. एलडीएच दुपटीपर्यंत चालतं. गाठी, यकृत, प्लीहा, त्वचा, फुप्फुसं यांत आजार असू शकतो. पण कॅल्शियम वाढलेलं नको, मेंदू, हाडं, आतडं यांत शिरकाव नको, पोटात किंवा छातीत पाणी नको.

*लिम्फोमा.* रक्तात लिम्फोसाइट वाढलेल्या नाहीत, विकृत पेशी १ टक्का किंवा कमी, पण लसिका ग्रंथीत आजार सिद्ध झालेला.

*अ‍ॅक्यूट.* वरच्या तिन्हींत जो बसत नाही तो.

शेवटची ओळ परत वाचा. सगळ्यात आक्रमक प्रकाराची व्याख्या 'उरलेला' अशी आहे! आणि हा 'उरलेला' गट छोटा नाही. ८१८ पैकी ४६५ रुग्ण त्यात होते. लिम्फोमा प्रकारात १५६, क्रॉनिकमध्ये १५२, स्मोल्डरिंगमध्ये ४५. वजाबाकीने ठरलेल्या गटात सगळे सारखे असतात असं धरून चालू नका. कुणी कॅल्शियममुळे तिथे येतो, कुणी एलडीएचमुळे, कुणी छातीतल्या पाण्यामुळे. अ‍ॅक्यूट एटीएलवर केलेल्या कुठल्याही अभ्यासात पहिला प्रश्न हाच विचारा, की हे रुग्ण अ‍ॅक्यूट कशामुळे ठरले?

या प्रकारांनी फरक किती पडतो? त्या अभ्यासात अ‍ॅक्यूट प्रकाराचा मध्यक जीवनकाल ६.२ महिने होता, लिम्फोमाचा १०.२ आणि क्रॉनिकचा २४.३ महिने. स्मोल्डरिंगमध्ये निम्मे रुग्ण दगावण्याइतका काळ गेलाच नव्हता, म्हणून मध्यक काढता आला नाही. चार वर्षं जगलेल्यांचं प्रमाण याच क्रमाने ५.०, ५.७, २६.९ आणि ६२.८ टक्के.

आता २००० ते २००९ या काळातल्या जपानी रुग्णांचा नंतरचा देशव्यापी अभ्यास शेजारी ठेवा. मध्यक अ‍ॅक्यूटला ८.३, लिम्फोमाला १०.६, क्रॉनिकला ३१.५ आणि स्मोल्डरिंगला ५५ महिने. मधल्या काळात नवे उपचार आले, तरी आक्रमक प्रकारांचे आकडे फारसे हललेले नाहीत. आणि 'धुमसणारा' हे नाव ऐकून जो दिलासा वाटतो तोही अपुराच, कारण पाच वर्षांच्या आत निम्मे रुग्ण गेलेले असतात. एखाद्या प्रकाराला सौम्य नाव दिलं म्हणून तो सौम्य होत नाही.

एक काल्पनिक रिपोर्ट सोडवून बघू

समजा ५८ वर्षांची एक व्यक्ती आहे. पांढऱ्या पेशी १२,०००. त्यात लिम्फोसाइट ६० टक्के, बहुतेक सगळ्या टी पेशी. विकृत पेशी १५ टक्के. मानेत गाठी. एलडीएच वरच्या मर्यादेच्या १.६ पट. आतडं, हाडं, मेंदू साफ, कुठे पाणी नाही. एचटीएलव्ही-१ पॉझिटिव्ह, मोनोक्लोनल इंटिग्रेशन सिद्ध. रक्तातलं कॅल्शियम १०.२ मिलिग्रॅम, अल्ब्युमिन २.५ ग्रॅम, दोन्ही दर डेसिलिटरला.

पायरी एक. १२,००० चे ६० टक्के म्हणजे ७,२०० लिम्फोसाइट. ४,००० च्या वर, म्हणून स्मोल्डरिंग बाद, लिम्फोमाही बाद.

पायरी दोन. क्रॉनिकमध्ये बसते का? गाठी चालतात. एलडीएच दुपटीच्या आत. कॅल्शियम १०.२, प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत. बसते, असं वाटतं.

पायरी तीन. थांबा. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून असतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. नेहमीचं सूत्र असं : ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, आणि मोजलेल्या कॅल्शियममध्ये मिळवा. ४ वजा २.५ म्हणजे १.५, गुणिले ०.८ म्हणजे १.२. दुरुस्त कॅल्शियम ११.४. निकषातली मर्यादा लिटरला २.७४ मिलिमोल, म्हणजे डेसिलिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम. ही व्यक्ती त्या रेषेपलीकडे आहे.

म्हणजे क्रॉनिक नाही. उरला तो अ‍ॅक्यूट. एका साध्या बेरजेने माणूस ज्या गटात गेला त्याचा मध्यक दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर येतो. मूळ माहितीत कुणी अल्ब्युमिन नोंदवलंच नसेल, तर तुमच्या विश्लेषणात हा रुग्ण कायम चुकीच्या गटात राहणार, आणि क्रॉनिक गटाचे आकडे विनाकारण वाईट दिसणार.

समजा अल्ब्युमिन ३.४ असतं. मग दुरुस्त कॅल्शियम १०.७ येतं आणि व्यक्ती क्रॉनिकमध्येच राहते. तरीही सुटका नाही. क्रॉनिकमध्ये एलडीएच किंवा युरिया नायट्रोजन वरच्या मर्यादेपेक्षा जास्त, किंवा अल्ब्युमिन खालच्या मर्यादेपेक्षा कमी, यांतलं एकही असेल तर त्याला प्रतिकूल क्रॉनिक म्हणतात आणि उपचाराच्या दृष्टीने आक्रमक प्रकारांसोबत धरतात. इथे एलडीएच जास्त आहेच.

विषाणू आहे, मग कर्करोग होणारच का?

नाही. विषाणू असलेल्यांपैकी साधारण ९५ टक्के लोकांना आयुष्यभरात एटीएल होत नाही. जपानमधल्या अभ्यासांत आयुष्यभराचा धोका पुरुषांमध्ये सुमारे ६ ते ७ टक्के आणि स्त्रियांमध्ये २ ते ३ टक्के निघतो. जगात किमान ५० लाख ते एक कोटी लोकांमध्ये हा विषाणू असावा असा अंदाज आहे. नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिकेचे काही भाग, आफ्रिका, इराणमधलं मशहद, मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्या, अशा ठिकाणी तो दाटीने आढळतो.

मग कुणाला होणार हे आधी ओळखता येईल का? जपानमध्ये २००२ ते २००८ या काळात १,२१८ निरोगी वाहकांची नोंदणी करून त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. १४ जणांना एटीएल झाला. त्या चौदाही जणांच्या रक्तातल्या दर १०० पेशींमागे विषाणूच्या प्रती सुरुवातीपासूनच ४ पेक्षा जास्त होत्या. निष्कर्ष काय काढाल? प्रती ४ पेक्षा कमी असलेल्यांना तूर्त दिलासा देता येतो. पण 'जास्त प्रती म्हणजे कर्करोग' असं म्हणता येत नाही, कारण जास्त प्रती असलेले बरेच वाहक निरोगीच राहिले. एखादी चाचणी धोका 'नाही' हे चांगलं सांगते पण 'आहे' हे नीट सांगत नाही, हे तुम्हाला संख्याशास्त्राच्या पुस्तकात निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू या नावाने भेटलेलं आहे.

लागण आणि कर्करोग यांत इतकी वर्षं का जातात? विषाणूचं टॅक्स हे प्रथिन पेशीला वाढायला भाग पाडतं, पण प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींना तेच सगळ्यात आधी दिसतं. त्यामुळे जी पेशी टॅक्स गप्प ठेवते ती वाचते. एटीएलच्या सुमारे ४० टक्के रुग्णांतच टॅक्स सक्रिय सापडतं. उलट्या धाग्यावरून तयार होणारं एचबीझेड मात्र जवळपास सगळ्यांत असतं. दरम्यान पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बदल साचत जातात. २०१५ मध्ये ४२६ रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात टी पेशीचा रिसेप्टर ते एनएफ-कप्पा-बी या संदेशमार्गातले बदल मोठ्या प्रमाणावर सापडले, म्हणजे टॅक्स ज्या वाटेला धक्का देतं तीच वाट. विषाणूने उघडलेलं दार पुढे पेशी स्वतःच उघडं ठेवते, असं म्हणा. मग विषाणू गप्प झाला तरी काही अडत नाही.

उपचारांवर वेगळा लेख लागेल. इथे इतकंच, की सीसीआर४ वर नेम धरणारं मोगाम्युलिझुमॅब हे प्रतिपिंड जपानमध्ये २०१२ मध्ये मंजूर झालं. पण सीसीआर४ आपल्या नियामक टी पेशींवरही असतो. म्हणून हे औषध देऊन लगेच दात्याच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण केलं, तर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर जास्त तीव्रतेने उलटू शकतात. एकच खूण दोन ठिकाणी असली की किंमतही दोन ठिकाणी मोजावी लागते.

सगळ्यात मोठं यश रुग्णालयाबाहेरचं

जपानने रक्तदात्यांची एचटीएलव्ही-१ चाचणी १९८६ पासून सुरू केली. नागासाकी प्रांतात १९८७ पासून गर्भवतींची चाचणी आणि वाहक मातांना बाळाच्या दुधाबद्दल सल्ला सुरू झाला. पुढे गर्भवतींची चाचणी देशभर झाली. दीर्घकाळ स्तनपान मिळालेल्या बाळांपैकी सुमारे २० टक्क्यांना लागण होते. वरचं दूध दिलं तर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास येतं. मात्र जिथे स्वच्छ पाणी आणि परवडणारं वरचं दूध नाही तिथे स्तनपान थांबवण्याने बाळाचा जीव दुसऱ्याच कारणाने जाऊ शकतो. त्यामुळे हा सल्ला जसाच्या तसा सगळीकडे उचलून नेता येत नाही.

आपल्याकडे रक्तपेढीत एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत. एचटीएलव्ही-१ त्यात नाही. भारतात हा विषाणू तुरळक आढळतो. पण तुरळक म्हणजे शून्य नव्हे. प्रौढ रुग्ण, टी पेशींचा लिम्फोमा, त्वचेवर चट्टे आणि वाढलेलं कॅल्शियम असा मेळ कुठेही दिसला तरी विषाणूची चाचणी मागायला हरकत नसावी. ती न मागितलेल्या रुग्णाचं निदान 'टी-सेल लिम्फोमा, इतर' याच शब्दांवर थांबतं.

तुमच्या वहीसाठी

पुढचा क्लिनिकल फीचर्सचा पेपर हाती घ्याल तेव्हा हे प्रश्न समासात लिहून ठेवा. कोणतं लक्षण 'नाही' असं नोंदवलंय, आणि त्यातून काय निघतं? गटांच्या व्याख्येत 'उरलेला' गट कोणता? ज्या आकड्यावर गट ठरतो तो कच्चा आहे की दुरुस्त केलेला? निरोगी लोकांची तपासणी केली आहे का, आणि त्यांच्यात काय सापडलं? रुग्ण राहतात कुठे हे लिहिलंय, पण जन्मले कुठे हे विचारलंय का?

आणि उद्या स्वतःच्या अभ्यासाचा फॉर्म तयार कराल तेव्हा एखादा रकाना 'याचा काय उपयोग' म्हणून खोडण्याआधी एटीएलची आठवण ठेवा. १९७७ मध्ये विषाणू कुणालाच माहीत नव्हता. तेव्हा त्याच्यापर्यंत नेणारी वाट त्या फॉर्मवरच्या अशाच एका रकान्यात होती.